इंजिनाच्या आधीचं वळण

श्रोतेहो, नमस्कार.

लोहगाव, धानोरी, विमाननगरकडे राहणाऱ्यांना सुखोईचा आवाज नवा नाही. विमान डोक्यावरून गेलं की आपण वर पाहतो आणि म्हणतो, काय इंजिन आहे! आज मला बोलायचंय ते इंजिनाच्या पुढे असलेल्या भागाबद्दल. हवा आत घेणारी नळी, म्हणजे इनटेक. माझ्या मते निम्मं इंजिन तिथेच ठरतं.

सुखोईची नळी बरीचशी सरळ आहे. आपल्या तेजसचं तसं नाही. तेजसला हवेची तोंडं दोन, दोन्ही बाजूंना पंखांखाली, आणि इंजिन मात्र एकच, मधोमध. त्यामुळे दोन्ही नळ्या वळत वळत एकत्र येतात. तोंडातून आत डोकावलं तर इंजिनाची पाती सहज दिसत नाहीत, आणि ते सोयीचंच आहे. फिरणारी पाती रडारच्या लहरी जोरात परत फेकतात. ती वळणाआड गेली की शत्रूला विमान हेरणं अवघड होतं.

पण वळणाची किंमत मोजावी लागते. वळणावर हवा बाहेरच्या भिंतीकडे रेटली जाते, तिथे दाब वाढतो आणि आतल्या बाजूला घटतो. भिंतीला घासून जाणारा थर आधीच मंदावलेला असतो. त्या दाबापुढे त्याचं काही चालत नाही, आणि तो भिंतीच्या कडेकडेने सरकत आतल्या बाजूला गोळा होतो. नदीच्या वळणावर आतल्या काठाला वाळू साचते, तीही अशीच: तळाचं मंद पाणी तिकडे सरकतं आणि वाळू बरोबर नेतं. नळीत यातून उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी तयार होते. वळण फारच तीव्र असलं तर हवा आतली भिंत सोडूनच देते.

यात दाब थोडा वाया जातो. एक टक्का दाब गेला की रेटाही, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारं बळही, साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त घटतं. ते एक वेळ चालेल. खरी काळजी असते हवेच्या विषमपणाची. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनातला हवा दाबणारा पुढचा भाग. त्याचं पातं प्रत्येक फेरीत त्या मंद हवेच्या पट्ट्यातून जातं. पात्याचा वेग तोच, पण समोरून येणारी हवा मंद. त्यामुळे हवा पात्याला जास्त तिरकी भेटते. हा तिरकेपणा मर्यादेबाहेर गेला की हवा पात्यावरून सुटते. याला स्टॉल म्हणतात. तो पसरला की दाबलेली हवा उलटी पुढे येते, धडाका होतो, कधी ज्वाळाही दिसतात आणि रेटा कोसळतो. हा झाला सर्ज.

बोइंग ७२७ चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. या विमानाला मागे तीन इंजिनं, तिन्ही एकाच जातीची. बाजूच्या दोघांना हवा सरळ मिळायची. मधल्याला शेपटीच्या बुडाशी असलेल्या तोंडातून, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या नळीतून. १९६३ च्या चाचण्यांत सर्जचा त्रास झाला तो मधल्या इंजिनाला. उपाय सापडला तोही नळीतच. वळणाच्या भिंतीवर धातूच्या छोट्या पट्ट्या उभ्या बसवल्या. त्या मुद्दाम बारीक भोवरे काढतात आणि मधली वेगवान हवा भिंतीजवळच्या मंद थरात मिसळतात.

म्हणूनच चाचणी घेताना इंजिनाच्या तोंडाशी आठ दांड्या लावून, प्रत्येकीवर पाच, अशा ४० ठिकाणी दाब मोजण्याची पद्धत आहे. सरासरी उत्तम आली तरी अभियंते तेवढ्यावर थांबत नाहीत. सर्वांत वाईट पट्टा कुठे आहे, किती रुंद आहे, आणि विमानाचं नाक वर केल्यावर तो कुठे सरकतो, हे ते शोधतात.

पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना एक आग्रहाचं सांगणं. प्रोजेक्टसाठी पारदर्शक अॅक्रिलिकची वळणदार नळी बनवा, टोकाला हवा ओढणारा पंखा लावा आणि वळणाच्या आतल्या भिंतीवर लोकरीचे बारीक धागे चिकटवा. धागे भिंतीलगत सरळ वाहत असतील तर प्रवाह शाबूत आहे. ते फडफडायला लागले किंवा उलटे फिरले, तर हवेने भिंत सोडली ती नेमकी तिथे. मग त्या जागेच्या थोडं आधी पत्र्याच्या छोट्या तिरक्या पट्ट्या लावा आणि पंखा पुन्हा सुरू करा.

नमस्कार.