चष्मा करण्याआधी अंतर मोजा

(दृश्य: अंधेरी पूर्व, एका कार्यालयातली मॉनिटरची रांग, संध्याकाळचे सात.)

सकाळी लोकलमध्ये मोबाईल, दिवसभर मॉनिटर, परतीच्या गाडीत पुन्हा मोबाईल. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, अक्षरं धूसर दिसतात आणि पहिला संशय जातो नंबरावर. पण नंबर वाढलेलाच असतो असं नाही. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर त्याच्या निम्म्यानेही मिटत नाहीत, आणि मिटतात त्याही बऱ्याचदा अर्ध्याच. अश्रूंचा थर नीट पसरत नाही, त्यात एसीचा झोत तोंडावर असला की तो लगेच सुकतो. झोत वळवून घ्या. मॉनिटरची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. नजर खाली झुकली की डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा आणि तेवढ्यात चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. डोळे ओले ठेवणारे लुब्रिकंट थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब रोज वापरू नयेत.

(दृश्य: चष्म्याचं दुकान. काउंटरवर निळसर झाक मारणाऱ्या काचा.)

दुकानात पहिला आग्रह होतो ब्लू-कटचा, म्हणजे पडद्याचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2023 मध्ये 17 चाचण्यांचा आढावा घेतला. कॉम्प्युटरवर काम करताना येणारा ताण या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होताना दिसला नाही. ते पैसे चांगल्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगला द्या. साध्या प्लास्टिक काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परततो, म्हणून मागची ट्यूबलाईट काचेत चमकत राहते.

खरा घोळ असतो अंतराचा, विशेषतः चाळिशीनंतर. जवळचा नंबर सहसा 40 सेंटिमीटरसाठी काढतात. मॉनिटर असतो 60 ते 70 सेंटिमीटरवर. तिथे त्या नंबराने अक्षरं फुटतात आणि माणूस पुढे वाकतो. लांबचं, मधलं आणि जवळचं अशा तिन्ही अंतरांचे नंबर एकाच काचेत असणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेत मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो. तो सापडावा म्हणून हनुवटी वर होते आणि संध्याकाळी मान धरते. त्यामुळे आपल्या खुर्चीत नेहमीसारखं बसा, डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप लावा आणि आकडा लिहून तपासणीला न्या. मशीनचा नंबर ही फक्त सुरुवात. ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची तपासणीची फ्रेम, घालून त्याच अंतरावर वाचून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. दिवसाचे सहा-सात तास मॉनिटरसमोर जात असतील, तर त्या अंतराचा वेगळा चष्मा करा, मात्र तो घालून गाडी चालवू नका.

(दृश्य: काडीची आतली बाजू, अगदी जवळून. छापलेलं: 52, चौकोन, 18, 140.)

काचेची रुंदी 52, नाकावरच्या पुलाची 18, काडीची लांबी 140, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज 70. आता आपला पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, 62 असेल, तर काचेचा मध्य दोन्ही बाजूंनी 4-4 मिलिमीटर आत सरकवावा लागतो. माइनस नंबर मोठा असला की बाहेरची कड जाड होते. बेरीज पीडीच्या जितकी जवळ, तितकी काच हलकी. पीडीच चुकीचा घेतला तर? माइनस 4 च्या काचा एकेका डोळ्यापुढे 2 मिलिमीटर सरकल्या, तरी दोन्ही मिळून 1.6 प्रिझमचा, म्हणजे प्रकाश बाजूला वळल्याचा, ताण पडतो. नंबर बरोबर असूनही डोकं दुखण्याचं हे एक कारण. पीडी मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून मागा.

मुंबईच्या घामाने नाकावरच्या गादीला धरणारा धातू हिरवट पडतो. टायटॅनियम किंवा टीआर-90 हे लवचिक प्लास्टिक इथे जास्त टिकतं. सदऱ्याच्या टोकाने काच पुसली की धूळ कोटिंगवर घासते. आधी वाहत्या पाण्याखाली धरा, साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ कापड.

घामाने चष्मा घसरतो तेव्हा प्रोग्रेसिव्हचा वाचायचा भागही खाली जातो. वाचताना अडचण व्हायला 3 मिलिमीटरची घसरणही पुरते. दुकानात जाऊन ॲसिटेटची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) काडी गरम करून कानामागचा बाक बसवून घ्या, नाकावरच्या गाद्या जुळवून घ्या, आणि मान खाली घालून चष्मा जागेवर राहतो का ते तिथेच बघा.