डोमकळीच्या आत

(दृश्य: चाळीसगाव तालुका. भाद्रपदातली सकाळ, काळ्या रानात कंबरेएवढी कपाशी.)

हे फूल नीट उमललेलंच नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटल्यात. ही डोमकळी. पाकळ्या अलगद सोडवल्या, की आत इवलीशी बोंडअळी वळवळताना दिसते.

श्रावणात या शेताच्या मालकाच्या घरी खान्देशची देवी कानबाई बसली होती. रोट झाले, रात्रभर गाणी झाली. पण कपाशीचं काय बिघडलं हे कळायला मालक डोमकळी फोडतात, कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या सापळ्यात, अडकलेले पतंग मोजतात. ‘निसर्गवाद’ या शब्दाचे अर्थ अनेक; विज्ञानातला निसर्गवाद तो हाच. मनात श्रद्धा असो वा नसो, निसर्गातल्या घटनेचं कारण निसर्गातच शोधायचं. तत्त्वज्ञानातला निसर्गवाद आणखी पुढे जातो: निसर्गापलीकडे काही नाहीच. प्राचीन भारतातल्या नास्तिक चार्वाकांचं म्हणणं याच्याच जवळचं. ही दोन म्हणणी एक समजली, की अळी शोधणाऱ्याला उगाच देव सोडावा लागतो. तसं मुळीच नाही.

(दृश्य: पाटणादेवीचा डोंगर, पावसाळी धुकं.)

इथल्या पाटणच्या शिलालेखात गणिती आणि खगोलज्ञ भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत कोरली आहे. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवानं इथं मठ काढला. ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आचार्य विचारतात: पृथ्वीला कोणी तोलून धरलं असेल, तर त्याला कोणी धरलंय? आणि त्याला? शेवटचा कोणीतरी स्वतःच्याच बळावर उभा मानायचा, तर ते बळ आधी पृथ्वीचंच का मानू नये? आगीत उष्णता, दगडात कठीणपणा, तसाच पृथ्वीचाही स्वभाव. पृथ्वी अचल आहे, हे त्यांचं मत पुढे टिकलं नाही. पण आठशे वर्षांहून जुना तो प्रश्न आजही अंगावर काटा आणतो.

चित्रकलेत निसर्गवाद म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं रंगवणं. साहित्यात मात्र हमखास गफलत होते. धरणगावचे बालकवी निसर्गकवी, निसर्गवादी नव्हेत. तो पंथ फ्रान्सच्या एमिल झोलाचा. शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन १८८० मध्ये त्यानं मांडलं, की कादंबरीकारानंही माणूस असाच तपासावा: रक्तातून काय आलं, परिस्थितीनं काय केलं. तिथं झरे-फुलं नसली तरी चालतं. कोंदट खोली, दारू, थकलेलं कर्ज यांना वगळून चालत नाही.

(दृश्य: पुन्हा शेत.)

मालक पुढच्या ओळीला लागलेत. खुडलेल्या डोमकळ्या पिशवीत पडताहेत. बांधाबाहेर नेऊन अळ्यांसकट जाळायच्या आहेत, आणि अजून अर्धं रान बाकी आहे.