निरफणसाला टोचलेली सुई

(फोंड्यातील एका वाचनालयात निवृत्त नर्सिंग ट्यूटरने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'दृक्‌श्राव्य माध्यमे आणि परिचर्या-शिक्षण' असा छापलाय. परिचर्या म्हटलं की अर्धी माणसं चहाला उठतात, म्हणून मी आपलं नर्सिंगच म्हणेन. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा सत्कारात गेली. शाल छान आहे, पण फोंड्याच्या मे महिन्यात पांघरायची कधी?

आधी निरफणसाची गोष्ट. २०२० साली टाळेबंदी लागली, सरावाच्या स्किल लॅबला कुलूप, मुली आपापल्या गावी. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी रेंजसाठी रोज डोंगर चढून काजूच्या झाडाखाली बसायची. (रेंजबद्दल बोलायला लागले तर इथेच रात्र होईल.) आम्ही दंडावरच्या इंजेक्शनचा व्हिडिओ पाठवला. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडायची, डेल्टॉइड स्नायू, सुई नव्वद अंशात. माणूस कुठून आणणार, म्हणून सराव फळावर. बाकीच्यांनी मोसंबी घेतली. हिच्या परसात निरफणस! तिने तो पुसला, आणि सुई अशी सरळ, एका झटक्यात घातली की मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. सिरिंज तेवढी डाव्या हातात दिसत होती. म्हटलं, सेल्फी कॅमेरा उलटं दाखवतो, तसं असेल. पूर्ण गुण दिले.

पुढे वॉर्ड सुरू झाला. तीच मुलगी, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन उभी. सिरिंज डाव्या हातात आणि हात लटलट कापतोय.

"डावखुरी गो तू?"

"नाही मॅडम. व्हिडिओत असंच होतं."

व्हिडिओतली नर्स कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती. तिचा उजवा हात पडद्यावर डावीकडे. पोरीने आरशात बघून शिकावं तशी उलटी तालीम केली होती, महिनोन्‌महिने! तेवढ्यात खाटेवरची आजी म्हणते, "सुई खंय तोपतलें गो तूं?" म्हणजे, कुठे टोचणार? पोर गप्प. निरफणसाने तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

हसा, पण व्हिडिओ निवडला मी आणि गुणही दिले मीच. तिने नाही. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. हे सगळं होऊनही एका संस्थेत (नाव घेत नाही, इथे त्यांची माणसं असतील) मला सांगितलं गेलं, "व्हिडिओ आहेत ना, मग प्रॅक्टिकलचे तास कमी करूया." त्या बैठकीत मी जे बोलले ते या सभागृहात...

बरं, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मुद्दा राहिलाच.

सर्जन रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये कौशल्य शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. शिक्षकाने न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं, ही पहिली. मग तेच सावकाश, समजावत. तिसरीत विद्यार्थिनी सांगते आणि शिक्षक करतो. चौथीत ती सांगत सांगत स्वतः करते. पहिल्या दोन पायऱ्या व्हिडिओ माझ्यापेक्षा बऱ्या करतो. मागच्या रांगेलाही सुईचं टोक दिसतं, आणि रात्री बारा वाजता दहाव्यांदा दाखवायला सांगितलं तरी तो करवादत नाही. पण तिसरीला तो अडतो, कारण मुलीने चुकीचं सांगितलं तरी तो आपला बरोबरच करत राहतो. म्हणून बघायचं ते घरी बघा आणि लॅबचा अख्खा तास हाताला द्या. तास वाचले नाहीत हो, मोकळे झाले!

आणखी दोन गोष्टी, घाईत. कॅमेरा नर्सच्या खांद्यामागे लावा, तिला दिसतं तसं मुलीला दिसू दे. आणि कापाकापी करू नका. रुग्णाशी बोलणं राहू दे, तेही आपल्या कोकणी-मराठीत. रक्तदाब घेताना दंडाच्या पट्ट्यातली, म्हणजे कफची, हवा सेकंदाला पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरने उतरवायची असते. व्हिडिओवाले हेच कंटाळवाणं म्हणून पळवतात. मग मुली हवा फस्सकन सोडतात आणि स्टेथोस्कोपात ऐकायचा पहिला ठोका हुकतो.

घंटा झाली? टेबलावर यंत्र आणलंय, स्टेथोस्कोपही आहे. अध्यक्षमहाराज, बाही वर करा. आधी पाच मिनिटं न बोलता बसावं लागतं, एवढं जमवा.