बॅगभर पुस्तके आणि पावणेपाच तास

[दृश्य: पहाटेचे वाहनतळ. चाकांची बॅग ओढत एक माणूस इमारतीकडे चालला आहे.]

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जनरल काँट्रॅक्टरच्या, म्हणजे संपूर्ण बांधकामाची जबाबदारी घेणाऱ्या मुख्य ठेकेदाराच्या, परवान्याची परीक्षा द्यायला निघालेल्या उमेदवाराच्या बॅगेत कपडे नसतात. तिच्यात राज्याची बांधकाम संहिता असते, कामगार सुरक्षेच्या नियमांचा जाड खंड असतो, कराराचे छापील नमुने असतात, काँक्रीटवर, सळयांवर आणि हिशेबावर वेगवेगळी पुस्तके असतात, आणि ही सर्व पुस्तके परीक्षेच्या वेळी उघडून पाहण्याची त्याला रीतसर मुभा असते. पुस्तकात पाहून उत्तर लिहायचे, तर मग परीक्षा कसली, असे आपल्याकडच्या कोणालाही वाटेल. या परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्या अनेकांनाही तसेच वाटते, आणि त्यांची पहिली चूक तिथेच होते.

परीक्षेचे तीन भाग आहेत. व्यवसाय आणि वित्त या भागात १२० प्रश्नांना साडेसहा तास मिळतात. करार प्रशासन आणि प्रकल्प व्यवस्थापन या दोन भागांत प्रत्येकी ६० प्रश्न आणि पावणेपाच तास. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात ७० टक्के गुण लागतात, म्हणजे साठांपैकी बेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. पावणेपाच तास ऐकायला भरपूर वाटतात, पण भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत, आणि तेवढ्यात प्रश्न वाचायचा, योग्य पुस्तक उचलायचे, योग्य पान गाठायचे आणि बहुतेक वेळा गणितही करायचे असते.

[दृश्य: जेवणाचे टेबल. पुस्तकांच्या कडांना लावलेले रंगीत टॅब.]

म्हणून तयारीचे पहिले काही आठवडे वाचनापेक्षा पुस्तके सजवण्यात जातात. प्रकरणागणिक टॅब चिकटवायचे, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर फिरवायचा, तक्त्यांची पाने चटकन हाताला लागतील अशी खूण करायची. टॅब कायमचा चिकटलेला हवा. सहज निघणाऱ्या चिकट चिठ्ठ्या आणि सुटे कागद चालत नाहीत. तयार टॅबचे संच बाजारात विकत मिळतात. ते घेण्यात गैर काही नाही, मात्र दुसऱ्याने ठरवलेल्या जागा आपल्या बोटांना ठाऊक नसतात, आणि ऐन परीक्षेत बोटेच कामाला येतात.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. चार फूट किंवा त्याहून खोल चरात उतरलेल्या कामगाराला बाहेर पडण्यासाठी शिडी किती अंतरावर असली पाहिजे, असा प्रश्न समजा आला. नवखा उमेदवार सुरक्षा नियमांच्या खंडात शिड्यांचे प्रकरण काढतो आणि तिथे पान उलटत बसतो. उत्तर तिथे नाही. ते खोदकामाच्या प्रकरणात आहे: कामगाराला आडवे २५ फुटांपेक्षा जास्त चालावे लागता कामा नये. ज्याने तयारीच्या काळात हा नियम एकदा चुकीच्या जागी शोधला आहे, तो ही चूक पुन्हा करत नाही.

[दृश्य: कोऱ्या कागदावर चराचे छेदचित्र. पेन्सिल चालू आहे.]

गणिताचेही तसेच आहे. तळाशी चार फूट रुंद, दहा फूट खोल आणि शंभर फूट लांब चर खणायचा आहे, माती सर्वांत ठिसूळ प्रकारची, म्हणजे नियमांच्या भाषेत सी प्रकारची आहे, आणि बाजूंना आधार न लावता उतार द्यायचा आहे. अशा मातीत दर एक फूट खोलीमागे दीड फूट उतार सोडावा लागतो. दहा फुटांना प्रत्येक बाजूस पंधरा फूट वाढतात आणि चार फुटांचा चर वरच्या तोंडाशी चौतीस फूट रुंद होतो. सरळ खणला असता तर ४,००० घनफूट माती निघाली असती. आता १९,००० निघते. आपल्याकडचा ठेकेदार याला ४० ब्रासचे १९० ब्रास झाले असे म्हणेल. तिथे माती घनयार्डांत मोजतात आणि एका घनयार्डात २७ घनफूट असतात, म्हणून २७ने भागून सुमारे ७०४ घनयार्ड असे उत्तर लिहायचे. २७ने भागण्याचे विसरणे ही फार जुनी चूक आहे, आणि पर्यायांमध्ये ते चुकलेले उत्तरही अनेकदा शांतपणे वाट पाहत असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी होते, ती मुख्यतः केलेली कामे आणि आर्थिक ऐपत पाहून. खासगी घर बांधून देणाऱ्याला राज्याची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेतही नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये जनरल काँट्रॅक्टरला राज्य पातळीवरचा परवानाच लागत नाही. फ्लोरिडा मात्र या बाबतीत कडक आहे.

[दृश्य: छप्पर उडालेल्या घरांची जुनी छायाचित्रे.]

या राज्यात नियम सैल राहिले तर काय होते, हे २४ ऑगस्ट १९९२ रोजी दिसले. अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेस होमस्टेड भागात धडकले आणि एकट्या डेड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) २५ हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. पडझडीच्या पाहणीत अनेक छतांचे प्लायवुड खिळ्यांऐवजी पिना मारून बसवलेले आढळले, तर कुठे मारलेला खिळा खालच्या लाकडाला लागलेलाच नव्हता. त्यानंतर गावोगावचे वेगवेगळे नियम मोडीत निघाले आणि मार्च २००२पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांसाठी तिच्यात अतिवेगवान वाऱ्याच्या क्षेत्राचे वेगळे नियम आहेत. खिळ्यांमधील अंतराचा तक्ता शोधणाऱ्या उमेदवाराला हा इतिहास कोणी विचारत नाही, पण तो तक्ता एवढा सविस्तर का आहे, याचे कारण तिथे सापडते.

बांधकामात मुरलेली माणसे अडखळतात ती बहुधा कायद्याच्या आणि हिशेबाच्या प्रश्नांवर. मालकाशी थेट करार नसलेल्या पुरवठादाराने पहिला माल दिल्यापासून ४५ दिवसांत मालकाला सूचना पाठवली पाहिजे. पैसे थकले तर शेवटचे काम किंवा माल दिल्यापासून ९० दिवसांत मालमत्तेवर बोजा नोंदवला पाहिजे. आणि अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेच्या प्रमाणित करारानुसार दाव्याची सूचना २१ दिवसांत दिली पाहिजे. हे आकडे एकमेकांत मिसळतात. वीस वर्षे साइटवर काढलेल्या माणसाला आपली सवय हाच नियम वाटू लागतो, आणि प्रश्नपत्रिका सवय विचारत नाही, छापील नियम विचारते. माझ्या मते या परीक्षेत अनुभवाचा सर्वांत मोठा अडथळा हाच आहे. तरीही अनुभवाविना परवाना नाहीच: सर्वसाधारणपणे चार वर्षांचा पुरावा लागतो, त्यातला काही भाग महाविद्यालयीन शिक्षणाने भरून निघतो.

[दृश्य: पिकअप गाडीचा दरवाजा. त्यावर अक्षरे रंगवली जात आहेत.]

तिन्ही भाग सुटल्यावर बोटांचे ठसे, पतगुणांचा अहवाल आणि विम्याची कागदपत्रे द्यावी लागतात. मग सीजीसी या तीन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि तो प्रत्येक करारावर, निविदेवर आणि जाहिरातीत छापणे बंधनकारक असते. विनापरवाना काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि वादळानंतरच्या आणीबाणीत केल्यास तो आणखी गंभीर ठरतो.

ज्यांचा एखादा भाग राहतो, ते पुन्हा त्याच टेबलाशी बसतात. बांधकाम संहितेची नवी आवृत्ती साधारण दर तीन वर्षांनी येते, आणि परीक्षेच्या यादीत ती आली की जुने पुस्तक बाजूला ठेवून नव्या प्रतीवर पहिल्या पानापासून टॅब चिकटवावे लागतात.