फुटबॉलवाल्याची बेसबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या शाळेतले पी.टी.चे सर आठवतात? सकाळी कबड्डी, दुपारी खो-खो आणि पाऊस पडला की कॅरम, सगळं एकाच शिट्टीवर. आज अमेरिकेतल्या अशाच एका सरांची गोष्ट सांगतो. नाव ॲडॉल्फ रचमन. तिकडे सगळे त्यांना ‘ॲड’ म्हणत.

ऑरेगन राज्यात मॅकमिनव्हिल नावाच्या गावात लिनफिल्ड हे छोटंसं कॉलेज होतं; 2020 पासून ते विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. ॲड याच कॉलेजचे विद्यार्थी. पुढे बरीच वर्षं त्यांनी हिल्सबरोच्या हायस्कुलात मुलांना शिकवलं आणि 1968 मध्ये ते लिनफिल्डला फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून परतले. फुटबॉल म्हणजे तिकडचा हं, लांबट चेंडूचा, अंगावर पॅड बांधून खेळायचा.

1971 मध्ये कॉलेजने बेसबॉलचा संघही त्यांच्याच हाती दिला. आधीचे प्रशिक्षक रॉय हेल्सर यांनी 1966 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलेलं, म्हणजे खुर्ची तशी तापलेलीच. शिवाय दोन्ही खेळांचा स्वभाव निराळा. फुटबॉलमध्ये घड्याळ धावत असतं, सामना आठवड्यातून एकदाच, आणि जवळजवळ प्रत्येक चाल बाहेरून ठरवून आत पाठवता येते. बेसबॉलला घड्याळच नाही. दहापैकी तीनदा चेंडू नीट मारला तरी तो फलंदाज उत्तम, म्हणजे सातदा मान खाली घालून परत यायचं. आरडाओरडा करून पोरांना पेटवायची सवय असलेला माणूस इथे करणार काय?

त्या पहिल्याच हंगामात लिनफिल्डने छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या संघटनेचं बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं!

आता ‘चमत्कार’ म्हणायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. हेल्सरांनी घडवलेली पोरं आयती मिळाली, हे मान्य करायलाच हवं. आणि ॲड स्वतः कॉलेजात असताना फुटबॉलबरोबर बेसबॉलही खेळले होते. तरी तयार संघ बिघडवायला एक अधीर प्रशिक्षक पुरतो, हे आपण क्रिकेटमध्ये कितीदा पाहिलंय!

पुढे 1983 पर्यंत दोन्ही संघ त्यांच्याकडेच होते. शरद ऋतूत फुटबॉल, वसंतात बेसबॉल. फुटबॉलमध्ये 24 हंगाम, 183 विजय, 48 पराभव, 3 बरोबरीत. 1998 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचं नाव लागलं. कॉलेज पातळीवर फुटबॉल आणि बेसबॉल, दोन्हींत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा प्रशिक्षक म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं.

यातली गंमत वर्षांत आहे. फुटबॉलची विजेतेपदं आली 1982, 1984 आणि 1986 मध्ये. म्हणजे फुटबॉलचे म्हणून आणलेल्या या सरांनी फुटबॉलचा पहिला राष्ट्रीय करंडक उचलला, तेव्हा त्यांचा बेसबॉलचा करंडक कपाटात 11 वर्षं जुना झाला होता.