शाळेला ठाऊक होते, तेव्हा शाळेने काय केले?

मित्रहो, अमेरिकेतील सरकारी शाळांमधल्या भेदभावाविषयी बोलताना बहुतेक वक्ते १९७२च्या ‘टायटल नाइन’ या, शिक्षणात लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या संघीय कायद्यापासून सुरुवात करतात. मी मात्र विस्कॉन्सिन राज्यातील ॲशलंड या छोट्या गावापासून करणार आहे.

जेमी नबोझ्नी हा तिथला समलिंगी विद्यार्थी. १९८८पासून काही वर्षे त्याने शिवीगाळ आणि मारहाण सोसली. एकदा भर वर्गात दोन मुलांनी त्याला खाली पाडून त्याच्यावर बलात्कार करत असल्याचे सोंग केले आणि वीसेक मुले ते पाहून हसत राहिली. त्याने तक्रार केली, तेव्हा मुलगे असेच वागायचे आणि इतक्या उघडपणे समलिंगी म्हणून वावरणाऱ्याने हे गृहीतच धरावे, अशा अर्थाचे उत्तर मुख्याध्यापिकेने दिल्याचे त्याने न्यायालयाला सांगितले. पुढे हायस्कूलमध्ये त्याच्या पोटात इतक्या लाथा बसल्या की शरीरात रक्तस्राव झाला. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास अमेरिकेत सर्वांत आधी, म्हणजे १९८२ साली, बंदी घालणारे राज्य हेच, आणि विद्यार्थ्यांना संरक्षण देणारे कलमही तिथे होते, हे वाचताना मला आजही संताप येतो.

जुलै १९९६मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या हमीच्या आधारे त्याचा दावा ज्यूरीपुढे चालवता येईल, असा निर्णय दिला. मुलींना त्रास देणाऱ्या मुलांवर कारवाई करणारी शाळा या मुलाच्या बाबतीत हात बांधून का बसली, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरले आणि सुमारे नऊ लाख डॉलरवर तडजोड झाली. मारणारी मुले कोण होती यापेक्षा ठाऊक असूनही मोठ्यांनी काय केले, हा प्रश्न कायद्याच्या केंद्रस्थानी आला, हे मला या खटल्याचे सर्वांत मोठे देणे वाटते.

‘टायटल नाइन’चा रोखही तोच आहे, पण त्याची कसोटी कठीण आहे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याचा छळ केला, तर शाळेला त्याची प्रत्यक्ष माहिती होती आणि तिने जाणूनबुजून दुर्लक्ष केले, हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये ‘डेव्हिस’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. त्या कायद्यात ‘लिंग’ हा शब्द आहे, लैंगिक कल नाही. नोकरीविषयक कायद्यातील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असे ‘बॉस्टॉक’ खटल्यात २०२०मध्ये ठरले. तेच शाळांना लागू करू पाहणारे २०२४चे संघीय नियम मात्र जानेवारी २०२५मध्ये केंटकीतील संघीय न्यायालयाने रद्द केले.

म्हणूनच आपले राज्य काय म्हणते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. न्यू जर्सीत, जिथे आपली कितीतरी मराठी मुले सरकारी शाळांत शिकतात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये ‘डेव्हिस’ची कसोटी नाकारली: शाळेला माहीत असायला हवे होते आणि तिने वाजवी उपाय केले नाहीत, एवढे दाखवणे तिथे पुरेसे आहे. २०११पासून लागू असलेल्या छळविरोधी कायद्यानुसार तक्रार आल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि घटनेची लेखी नोंद झाल्यानंतर शाळेच्या दहा दिवसांत ती पूर्ण व्हावी लागते. पालकांनो, शिक्षकांशी तोंडी बोला, जरूर बोला. पण त्याच संध्याकाळी तारीख, जागा आणि घडलेला प्रकार लिहून मुख्याध्यापकांना ईमेल करा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.