बायकोला बाहेर पाठवून सांगायचं दुखणं

श्रोतेहो, नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी लांब पल्ल्याची गाडी चालवणारे एक ड्रायव्हर माझ्याकडे आले. "थकवा येतोय डॉक्टर, एखादं टॉनिक द्या." डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं 7. पुरुषाला निदान 13 तरी हवं. खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी बायकोला बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाले, "परसाकडला रक्त पडतंय. दीड वर्ष झालं." दुखत नव्हतं, म्हणून अंगावर काढलं!

मूळव्याधीची हीच तर गंमत आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, साधारण तीन. त्या तुम्हाला-मला सगळ्यांनाच असतात. वारा किंवा पातळ शौच नकळत सुटू नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे. वर्षानुवर्षं कुंथून कुंथून या गाद्या फुगतात, खाली घसरतात, त्यालाच आपण मोड म्हणतो. आतल्या भागाला वेदना कळत नाही, त्यामुळे लालभडक रक्त टपटप पडतं, पण दुखत नाही. शौचाला बसल्यावर काच फिरवल्यासारखं होत असेल, तर ती बहुतेक वेळा चीर असते, म्हणजे फिशर. आपल्याकडे मात्र या सगळ्याला सरसकट मूळव्याध म्हणायची पद्धत आहे.

बिचाऱ्या मिरचीला उगाच दोष देतात. तिखटानं आग होईल, पण मोड येतात ते खडा होण्यानं आणि बसून राहण्यानं. पूर्वी उघड्यावर जाणारा माणूस डास चावायच्या आत उठायचा. आता आत मोबाईल असतो. कमोडच्या भोकावर बूड अधांतरी, वीस मिनिटं रील्स चालू, आणि सगळा भार त्या गाद्यांवर. दुसरं कारण म्हणजे कळ दाबणं. ड्रायव्हर स्टॉप येईपर्यंत दाबतो. शाळेत धड संडास नाही म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाहीत. गरोदरपणात पोटातला दाब वाढतो, त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी! तिच्यात चोथा जवळजवळ नाहीच. सलग नऊ दिवस ती खाल्ली, की दहाव्या दिवशी पेशंट दारात.

उपाय स्वयंपाकघरातलेच आहेत. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. ज्वारीची भाकरी, मेथी-शेपू, बियांसकट पेरू खा. मोड आलेली मटकी खा, म्हणजे तो दुसरा मोड टळेल. इसबगोल घेणार असाल तर त्यावर भरपूर पाणी प्या. कोरडाच घशाखाली ढकलला तर उलट अडकून बसतो. कळ आली की उठा, पाच मिनिटांत बाहेर या. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. आग होत असेल तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, बरं वाटतं.

भिंतीवर "एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट" असं रंगवलेलं असतं ना, तिथे मात्र जाऊ नका. कसलंसं औषध टोचल्यानं ती जागा सडलेली मी पाहिली आहे. वेळेवर आलात तर बहुतेकांचं आहारावर, औषधावर भागतं. काहींना मोडाच्या बुडाशी रबराचं बारीक कडं चढवावं लागतं, त्याला भूल लागत नाही. ऑपरेशनची पाळी थोड्यांवरच येते. पण रक्त दिसलं की ते मूळव्याधीचंच, असं स्वतः ठरवू नका. वय चाळिशीपुढे असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर दुर्बिणीनं आतली तपासणी करून घ्या. आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही असंच लाल दिसू शकतं.

त्या ड्रायव्हरचीही आधी तपासणीच केली. निघाली मूळव्याधच. दोन कडी घातली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी खडा होऊ नये म्हणून जोडीला इसबगोल. परवा दाखवायला आले, हिमोग्लोबिन 11. या वेळी त्यांनी बायकोला बाहेर पाठवलं नाही. उलट तीच म्हणाली, "डॉक्टर, मोबाईल आत नेतात अजून."

नमस्कार.